चुनाभट्टी आणि मातीचं मांजर

राजूर म्हटलं की बाहेरच्यांना कोळशाची खाण आठवते, आपल्याला चुनाभट्ट्याही. चुना भिंतीला आणि पानाला, एवढंच तेव्हा आपलं ज्ञान. तोच चुनखडा मातीवर काचेचा लेप चढवायला लागतो, हे मला नोकरीनिमित्त बडोद्याला गेल्यावर कळलं. ज्योत्स्ना भट्ट यांची मांजरं मी तिथेच पाहिली.

ज्योत्स्नाबाईंचा जन्म १९४० चा, कच्छमधल्या मांडवीतला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये थोडं शिकून त्या बडोद्याला आल्या, सयाजीराव विद्यापीठात शंखो चौधरींकडे शिल्पकला शिकल्या. १९६० च्या दशकात अमेरिकेत, ब्रुकलिन म्युझियमच्या कलाशाळेत त्यांनी मातीकामाचे धडे घेतले. परतल्यावर बडोद्यालाच विद्यापीठात २००२ पर्यंत शिकवलं. २०२० मध्ये त्या गेल्या.

शिल्पकलेची पदवी घेतलेल्या बाई, पण पुतळे नाहीत की वीरपुरुष नाहीत. अंग चोरून बसलेलं मांजर, गोल डोळ्यांचं घुबड, फुगलेला बेडूक! पाहताना हसू येतं आणि हात फिरवावासा वाटतो.

लेपाचं गणित असं. गारेची पूड एकटी भट्टीत सहजी वितळत नाही. तिच्यात फेल्डस्पार आणि चुनखड्याची भुकटी मिसळली की बाराशे अंशांच्या पुढे तिची काच होते आणि मातीला घट्ट धरते. लोणच्याच्या बरणीवर दिसतो तसा थर. बाईंना मात्र फार लखलखाट आवडत नसे. त्यांचे निळे, शेवाळी रंग मंद असत.

ती मांजरं पाहताना मला आपल्या वर्गातला एक जण आठवला. तान्ह्या पोळ्याच्या आधी हस्तकलेच्या तासाला सगळ्यांनी मातीचे बैल केले, त्यानं मांजर केलं. मिशांना झाडूच्या काड्या. वर्ग हसला, सगळ्यात मोठ्यानं मी. त्यानं मांजराचा पुन्हा गोळा केला आणि मुकाट्यानं बैल वळला. त्याचे वडील भट्टीवर होते. आठवीनंतर तोही तिकडेच गेला.

नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखलं असेल. मेळाव्याचं आमंत्रण त्याला पोचलंय का, एवढं कोणीतरी बघा. त्या मांजरांचे फोटो मी सोबत आणतोय.