जोतीरावांचे बालहत्या प्रतिबंधक गृह

श्रोतेहो, जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवतो, आणि शिवनेरी म्हटला की 1630 साली जिजाबाईंच्या कुशीत जन्मलेले बाळ आठवते. त्या बाळाच्या पराक्रमाचा पोवाडा जोतीराव फुले यांनी 1869 साली छापला. पण पोवाडा रचण्याच्या आधीच जोतीरावांनी दुसऱ्या काही बाळांसाठी आपल्या घराचे दार उघडले होते. ही बाळे अशी, की त्यांच्या जन्माचे बारसे नाही, पाळणा नाही. जन्म झाला हे कोणाला कळू नये, एवढीच घरच्यांची धडपड. त्या दाराची हकीकत आज सांगायची आहे.

त्या काळी उच्च म्हणवणाऱ्या जातींत मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. नवरा गेला की मुलगी जन्माची विधवा. 1856 साली सरकारने विधवाविवाहाचा कायदा केला. पण कायदा कागदावर राहिला आणि रूढी घरात राहिली. अशा विधवेवर घरातल्याच कोणाची वाईट नजर पडली आणि तिला दिवस गेले, तर पुरुष नामानिराळा आणि सगळे खापर तिच्या माथी. मग पुढे काय? गावठी औषधांनी गर्भ पाडायचा, त्यात ती मेली तर मेली. नाहीतर चोरून बाळंत व्हायचे आणि मूल विहिरीत टाकायचे.

पुण्यात काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेच्या हातून असेच घडले. ती जोतीरावांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाकाला होती. मूल मारल्याच्या गुन्ह्याबद्दल तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठवले गेले. इंडियन पीनल कोड 1862 साली लागू झाले होते. त्यात गर्भपाताला शिक्षा होती, मूल टाकून देण्यालाही शिक्षा होती. पण ज्या भीतीपोटी ती बाई विहिरीपर्यंत गेली, त्या भीतीवर कोणत्याच कलमात औषध नव्हते. कायदा आला तो मूल मेल्यानंतर. त्याआधी तिच्याजवळ जाणारे कोणी नव्हते.

हे जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या मनाला फार लागले. 1863 साली त्यांनी पुण्यात आपल्या राहत्या जागेतच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. शहरात भिंतींवर जाहिराती लावल्या. त्यांचा आशय असा, की बायांनो, इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा. मूल न्यायचे की इथे ठेवायचे, ते तुमच्या मर्जीवर. बघा हं, नाव सांग, बापाचे नाव सांग, प्रायश्चित्त घे, अशी एकही अट नव्हती.

पुढे 1884 साली जोतीरावांनी सरकारला एक लेखी मत पाठवले, त्यात या गृहाचा हिशेब आहे. तोवर 35 गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच त्या वेळी हयात होती आणि त्यांची देखभाल सावित्रीबाई करीत होत्या. आकडा मन दुखवणारा आहे, पण जोतीरावांनी तो लपवला नाही. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला या दांपत्याने दत्तक घेतले. तो शिकून डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता वारल्या, त्या वेळी याच यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांवर उपचार चालू होते.

असे दार पुढे आणखीही एका ठिकाणी उघडले. आपल्या जुन्नर-आंबेगावचे वारकरी दरवर्षी ज्या पंढरपूरला जातात, तिथे 1875 साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम काढला.

आता कोणी म्हणेल, पुण्या-पंढरपूरच्या या गोष्टींशी आपल्या मुलखाचा संबंध काय? संबंध आहे. जोतीरावांचा सत्यशोधक विचार जुन्नर तालुक्यात चांगला रुजला होता. ज्या ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, त्याच ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न गावच्या जोश्याला न बोलावता लावले. जोश्याने फिर्याद केली आणि खटला मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. 'लोक काय म्हणतील' या भीतीला न जुमानणारे शेतकरी याच मातीत होते. आणि विधवेला विहिरीकडे ढकलीत होती ती हीच भीती.

जोतीराव 1890 साली वारले. पुढे त्यांचे नाव जाणत्यांच्या पुस्तकांत राहिले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत ते नेले सिनेमाने. हे काम केले आपल्याच जिल्ह्यातल्या सासवडच्या आचार्य अत्र्यांनी. अत्रे मुळात शिक्षक, पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक. पुढे नाटककार, पत्रकार आणि चित्रपट-निर्माते झाले. त्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर लगेच, 1954 साली, त्यांनी 'महात्मा फुले' काढला. बाबुराव पेंढारकर जोतीराव झाले आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या. त्यालाही राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. निर्मात्याने पैसा कशावर लावावा, याचा हा एक धडाच म्हणायचा.

काळ बदलला. 1971 च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी डॉक्टरांकडून सुरक्षित गर्भपात करून घेण्याची मुभा मिळाली आणि गावठी उपायांनी मरणाऱ्या बायांना आधार झाला. पण पाठोपाठ नवे संकट आले. यंत्राने गर्भ मुलीचा आहे की मुलाचा हे कळू लागले, आणि मुलगी नको म्हणून गर्भ पाडणे सुरू झाले. याविरुद्ध कार्यकर्त्यांनी चळवळ केली. 1988 साली महाराष्ट्राने देशात सर्वांआधी कायदा केला. साऱ्या देशासाठी तो 1994 साली झाला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 1991 साली 946 मुली होत्या, त्या 2001 साली 913 आणि 2011 साली 894 झाल्या. म्हणजे कायदा होता, आणि मुली कमी होत गेल्या. पूर्वी विधवेला लोकलाज भिववीत होती. आता सुनेला हुंडा आणि वंशाचा दिवा भिववितात.

म्हणून गुरुजनांना विनंती, की वर्गात जोतीरावांची शाळा सांगाल तेव्हा त्यांचे हे गृहही सांगा. कोणाला मूल सांभाळणे शक्यच नसेल, तर ते टाकून देण्याची गरज नाही. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे ते रीतसर सोपवता येते, ही माहितीही गावात असू द्या. अडलेल्या बाईला दटावणारे गावात पुष्कळ असतात. 1863 साली एका माळ्याच्या घराने तिला 'आत ये' म्हटले होते. आपल्या गावात असे म्हणणारे एक तरी घर आहे का, हे ज्याने त्याने पाहावे.