चौथ्या अक्षरावरचा आघात

इटालियनमधले 'पार्लो' हे दोन अक्षरांचे क्रियारूप. आघात पहिल्या अक्षरावर दिला तर अर्थ 'मी बोलतो'. दुसऱ्यावर दिला तर 'तो बोलला'. पुरुष आणि काळ दोन्ही बदलतात. आघात अंत्य अक्षरावर असेल, तर लिपीत त्याला चिन्ह असते; एरवी बहुतेक वेळा तो वाचणाऱ्याने ओळखायचा.

कशावरून ओळखायचा, याचे बरेचसे उत्तर लॅटिनमध्ये आहे. तिथला नियम लघु-गुरूची सवय असलेल्या मराठी वाचकाला चटकन उमगेल. उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. त्याहून मागे तो जात नसे.

मग 'फाब्ब्रिकानो' (ते बनवतात) या रूपात आघात शेवटून चौथ्या अक्षरावर कसा? लॅटिन रूप होते 'फा-ब्रि-कान्त्'. 'ब्रि' लघू, म्हणून आघात 'फा'वर. यातला 'न्त्' आणि संस्कृत 'भरन्ति'मधला 'न्ति' एकाच कुळातले. पुढे अंत्य 'त्' गळाला आणि उरलेल्या 'न्'ला 'ओ' जोडला गेला. 'सोनो' (ते आहेत) या रूपाच्या धर्तीवर, असे सामान्यतः मानतात. शब्द शेवटाकडे वाढला, पण आघात जागचा हलला नाही. नियम मोडल्यासारखा दिसतो, तो एवढ्यामुळेच.

भविष्यकाळाचेही असेच. 'कान्तेरो' (मी गाईन) हे रूप 'कान्तारे हाबेओ' या दोन शब्दांच्या जोडणीतून आले; आपण 'मला गायचे आहे' म्हणतो, त्या वळणाचे. अंत्य अक्षरावरचा आघात हा त्या विरलेल्या सहाय्यक क्रियापदाचा.

अक्षरे कुठे तुटतात, यालाही महत्त्व आहे. 'येणे' या क्रियापदाची तीन रूपे पाहा: 'व्ये-ने' (तो येतो), 'वेन्-गो' (मी येतो), 'वे-नी-ते' (तुम्ही येता). मूळचा ऱ्हस्व 'ए' आघातयुक्त आणि स्वरान्त अक्षरात असेल, तर तस्कनीच्या बोलीत त्याचा 'ये' झाला. 'वेन्'मध्ये अक्षर व्यंजनाने बंद झाले आणि 'वेनीते'त आघात पुढे सरकला, म्हणून दोन्हीकडे 'ए' तसाच राहिला.

१५२४ साली त्रिस्सिनोने विवृत आणि संवृत 'ए', 'ओ' वेगळे दाखवण्यासाठी ग्रीक अक्षरे सुचवली; ती रुजली नाहीत. तरी लिपी अगदीच मुकी नाही. आघातचिन्हे नसलेल्या जुन्या हस्तलिखितात 'व्येने' असे लिहिलेले आढळले, की लिहिणाऱ्याने जोर कुठे दिला होता ते आजही कळते.