पंचांग लपवलेली चित्रं

आजचा विषय तळहाताएवढा आहे, अगदी मोजून. मुलांच्या हातात कात्री, डिंक, जुन्या साडीचा काठ, चार टिकल्या आणि रंगीत कागदाचे तुकडे दिले की तासाभरात जेवणाच्या टेबलावर जी छोटी छोटी कार्डं तयार होतात, त्यांच्याबद्दल आपण बोलणार आहोत. हल्ली या छंदाला 'आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड' असं भारदस्त नाव आहे. माप ६४ बाय ८९ मिलिमीटर, म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधल्या पानाएवढं. मागे सही करायची, आणि कार्ड विकायचं नाही, बदलायचं. १९९७ साली झुरिकमध्ये एम. व्हेंची स्टर्नेमान या कलावंतानं ही प्रथा सुरू केली, असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि त्या नावापुरतं ते खरंही आहे.

पण तुमच्यापैकी जे जपानमध्ये राहतात, त्यांनी शेजारच्या आजींना विचारावं. हाती कार्ड करायचं, आपलं द्यायचं आणि दुसऱ्याचं घ्यायचं, हा खेळ तिथे अडीचशे वर्षांहून जुना आहे.

त्याची सुरुवात पंचांगापासून होते. जुन्या जपानी कालगणनेत महिने चंद्रावर चालत. काही महिने ३० दिवसांचे, त्यांना 'मोठा' म्हणत, काही २९ दिवसांचे, ते 'लहान'. कोणता मोठा आणि कोणता लहान हे दर वर्षी बदले, आणि मधूनच एखादा अधिक महिना येई. अधिक महिना म्हटल्यावर तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. जावयाला अनारसे देण्याची प्रथा तिथे नव्हती, एवढाच फरक. दुकानदारांची उधारी महिनाअखेरीस चुकती व्हायची, त्यामुळे महिना २९ला संपतो की ३०ला हे घरोघरी ठाऊक असणं भाग होतं. आणि पंचांग छापायचा हक्क मात्र सरकारनं ठरवून दिलेल्या मोजक्या लोकांनाच होता.

मग लोकांनी काय केलं? चित्रात पंचांग लपवलं. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकिओत, हौशी मंडळी नव्या वर्षासाठी छोटी चित्रं छापून घेत आणि मोठ्या महिन्यांचे आकडे त्यात कुठेतरी दडवत. किमोनोच्या नक्षीत, नाहीतर झाडाच्या फांदीत. चित्र हातात पडलं की आकडे शोधायचे. १७६५ साली या हौसेला अगदी भरतं आलं. क्योसेन या टोपणनावानं वावरणारे एक सरदार आणि त्यांच्या मित्रमंडळानं चित्रं बदलून घ्यायच्या बैठकी भरवल्या. कोणाचं कार्ड सरस, याची चढाओढ लागली. पदरचा पैसा असल्यामुळे उत्तम कागद, अनेक रंग, कुशल कोरक्ये आणि छापणारे, कशालाच हात आखडता घेतला गेला नाही.

त्या वर्षीचं सुझुकी हारुनोबूचं एक चित्र प्रसिद्ध आहे. अचानक सर आली आहे आणि एक मुलगी दोरीवरचे कपडे काढायला धावत सुटली आहे. इतकी घाई की एक खडाव पायातून निसटली आहे. दोरीवरच्या किमोनोची नक्षी नीट पाहिलीत तर तीत वर्षाचं नाव आणि मोठ्या महिन्यांचे आकडे सापडतात. जगभरच्या संग्रहालयांत आज ज्या रंगीत जपानी ठसेचित्रांपुढे आपण उभे राहतो, त्या बहुरंगी छपाईची वाट याच हौशी बैठकींतून मोकळी झाली. पुढे प्रकाशकांनी ते ठोकळे घेतले, त्यातले आकडे काढून टाकले आणि तीच चित्रं बाजारात विकली. म्हणजे आधी मित्रांना देण्यासाठी, मग विक्रीला. मला यातलं पहिलं जास्त आवडतं.

त्याच एदोत दुसरा एक प्रकार होता: सेन्जाफुदा. देवळांची यात्रा करणारे लोक आपल्या नावाची कागदी पट्टी देवळाच्या दरवाजाला, तुळयांना चिकटवत. पट्टी उभी, साधारण ४८ बाय १४४ मिलिमीटर. उंच जागी चिकटवायला लांब काठीला ब्रश बांधत. वर्षं लोटली की कागद झडून जाई, पण शाई लाकडात मुरलेली असल्यामुळे नाव राही. (आपल्या गडकिल्ल्यांवर बदामात नाव कोरणाऱ्यांना ही युक्ती कोणी सांगू नका. जपानमध्येही आता बहुतेक देवळांत याला मनाई आहे.) पुढे या पट्ट्या चिकटवण्यापेक्षा बदलून घेण्याचाच छंद वाढला. रंग वाढले, चित्रं आली, मंडळं झाली. शिकागो विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टार या छंदाच्या इतके आहारी गेले, की जपानी लोक त्यांना 'ओफुदा हाकुशी' म्हणू लागले, म्हणजे चिठ्ठ्यांचे पंडित. १९३३ साली त्यांचं निधन झालं तेही टोकिओतच. त्यांच्या संग्रहातल्या पट्ट्या आज अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात आहेत.

१८७३च्या सुरुवातीला जपाननं जुनी चांद्र कालगणना सोडून पाश्चात्त्य कॅलेंडर घेतलं. महिन्यांचं कोडं संपलं आणि चित्रातल्या आकड्यांची गरजही. त्याच वर्षी डिसेंबरात जपानी टपालखात्यानं पोस्टकार्ड सुरू केलं. नववर्षाच्या शुभेच्छा आता पोस्टकार्डावर जाऊ लागल्या. हेच ते 'नेन्गाजो'. १५ ते २५ डिसेंबरच्या दरम्यान टाकलेली कार्डं पोस्ट राखून ठेवतं आणि १ जानेवारीच्या सकाळी गठ्ठा घरात येतो. जपानमध्ये राहिलेल्यांनी तो पाहिला असेल.

या कार्डांना हाताचं काम शोभतं. मुलं बटाट्याचे, रताळ्याचे ठसे करतात, अगदी आपण शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे करायचो तसे. खोडरबर कोरून शिक्के करतात, हातकागद फाडून चिकटवतात. मोठी माणसंही मागे नव्हती. ताकेइ ताकेओ हे मुलांच्या पुस्तकांचे नामवंत चित्रकार. त्यांनी १९३५ साली एक मंडळ काढलं. प्रत्येक सभासदानं स्वतः लाकडात कोरून नववर्षाचं कार्ड छापायचं, सभासद जितके तितक्या प्रती काढायच्या, आणि प्रत्येकाला सगळ्यांचं एकेक कार्ड मिळायचं. झुरिकमधला नियम इथे साठ वर्षं आधीच लागू होता. १९५४ पर्यंत हे चाललं. मधे युद्ध येऊन गेलं.

युद्धाजवळ थोडं थांबायला हवं. १९४० साली नेन्गाजोची खास टपालव्यवस्था बंद झाली, ती १९४८च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात शहरंच्या शहरं जळाली होती. माणसं गावोगाव पांगली होती. कोण जिवंत आहे, कोण कुठे आहे, कोणालाच कळत नव्हतं. १९४९ साली क्योटोत राहणारे हायाशी मासाजी यांच्या मनात आलं, की नववर्षाचं कार्ड पुन्हा रुळलं तर लोकांना निदान एकमेकांची खुशाली कळेल. पण पोटाला पुरेसं अन्न नसताना कार्ड कोण पाठवणार? म्हणून त्यांनी सुचवलं, की कार्डावर क्रमांक छापा, सोडत काढा, बक्षिसं द्या, आणि थोडे पैसे मदतकार्यासाठी घ्या. स्वतः नमुने तयार करून ते टोकिओत अधिकाऱ्यांना जाऊन भेटले. हे गृहस्थ टपालखात्याचे कोणी नव्हते, साधे नागरिक होते. १९५०च्या नववर्षाला सोडतीची कार्डं घरोघर पोचली. सगळ्यात मोठं बक्षीस होतं शिवणयंत्र. त्या काळात शिवणयंत्र म्हणजे एका घराचं पोट. सोडत आजही दर जानेवारीत निघते, आणि सगळ्यात धाकटं बक्षीस तिकिटांचा छोटा संच असतं.

१९७७ साली रिसो कंपनीनं 'पुरिंतो गोक्को' नावाचं घरगुती छपाईयंत्र काढलं. 'गोक्को' म्हणजे मुलं डॉक्टर-डॉक्टर, दुकान-दुकान खेळतात तसलं खेळणं. तेव्हा नाव झालं 'छापखाना-छापखाना'. चित्र आत ठेवायचं, दिव्याचा लख्ख प्रकाश पाडायचा, साचा तयार. त्यावर हवे ते रंग पिळायचे आणि एकेक कार्ड दाबून काढायचं. अशी एक कोटीहून जास्त यंत्रं विकली गेली. डिसेंबरात घरभर दोऱ्या बांधून ओली कार्डं वाळत घालणं हे जपानी मध्यमवर्गाचं जवळजवळ आपल्या दिवाळीच्या फराळासारखं काम होतं. मग घरोघरी संगणक आणि प्रिंटर आले, आणि २००८ साली यंत्राची विक्री थांबली.

गंमत म्हणजे याच सुमारास दुसरं एक साधन जन्माला आलं, जे आज तुमच्या मुलांच्या कंपासपेटीतही असेल: रंगीत कागदी चिकटपट्टी, वाशी टेप. ओकायामा प्रांतात कुराशिकीला कामोई काकोशी ही १९२३ सालची कंपनी. सुरुवात माश्या पकडायच्या चिकट कागदापासून, पुढे रंगाऱ्यांना आणि कारखान्यांना लागणारी मास्किंग टेप. २००६ साली तीन महिलांनी या टेपवर स्वतःच एक छोटं पुस्तक केलं, ते कंपनीला पाठवलं आणि कारखाना बघायला येऊ का, असं विचारलं. रंगाऱ्यांच्या पट्टीत काय बघायचंय, असं कंपनीला वाटलं असणार. पण त्या भेटीतून रंगीत पट्ट्या निघाल्या आणि दोन-एक वर्षांत 'एमटी' या नावानं बाजारात आल्या.

ज्यांना चित्र येत नाही त्यांच्यासाठी एतेगामी आहे, म्हणजे चित्रपत्र. कोइके कुनिओ यांनी हा प्रकार लोकांत रुजवला. १९७८-७९ मध्ये एका त्रैमासिकाच्या अंकांत घालण्यासाठी त्यांनी वर्षभरात ६०,००० कार्डं हातानं रंगवली. रीत सोपी आहे. ब्रश वरच्या टोकाला धरायचा, म्हणजे हात थरथरणारच. पेन्सिलीनं आधी काढायचं नाही. समोर वांगं असेल तर वांगं, कागदाबाहेर गेलं तरी चालेल. शेजारी दोन शब्द. सुबक नको, असंच त्यांचं सांगणं होतं. मराठी शाळेत अक्षर वळणदार काढायला घाबरणाऱ्या परदेशातल्या मुलांसाठी याहून चांगला धडा मला सुचत नाही. 'आजी, वांगं' एवढंच लिहिलं तरी ते मराठी पत्र झालं.

आता वाईट बातमी. २००४च्या नववर्षासाठी जपाननं सुमारे ४४५ कोटी नेन्गाजो छापले होते. २०२५साठी १०७ कोटी. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोस्टकार्डाचा दर ६३ येनवरून ८५ येन झाला. 'यंदाचं हे शेवटचं' असं कळवणारी कार्डंही आता लोक पाठवतात. आपल्याला यात नवल वाटू नये. संक्रांतीचं चित्र असलेलं कार्ड आणि पाकिटात चिमूटभर हलवा, हे आपल्या घरी टपालानं शेवटचं कधी आलं, आठवून पाहा.

तेव्हा या जानेवारीत करून बघा. जपानमधल्यांना एक सूचना: पत्त्याच्या पानाएवढं कार्ड तसंच पेटीत टाकू नका. तिथे पत्राचं किमान माप ९ बाय १४ सेंटिमीटर आहे, म्हणून पाकिटात घाला. नेन्गाजोची मुदत साधारण ७ जानेवारीला संपते, आणि संक्रांत येते १४च्या सुमारास. मग उशीर झाला का? नाही. ७ तारखेनंतर फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत 'कान्चू मिमाई' पाठवतात, म्हणजे थंडीतली विचारपूस. आपल्यासारखंच जपानी घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तर नववर्षाचा आनंद करत नाहीत. ते आधीच कळवतात आणि त्यांना नेन्गाजो पाठवायचं नसतं. पण कान्चू मिमाई चालतं. शेजारी असं घर असेल तर तिळाचे दोन दाणे रंगवलेलं तुमचं कार्ड तिथे आधी द्या.