दात न दिसणारं हसू



‘हसतील त्यांचे दात दिसतील’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. घरातली एखादी बाई नवीन काही करायला निघाली की तिची आजी नाही तर मावशी हे सांगतेच. लोक हसले तर हसू देत, दात त्यांचेच दिसतील, तू आपलं काम कर. म्हण मोठी धीराची आहे. पण एका हसण्यापुढं ती लागू पडत नाही, कारण त्या हसण्यात दात दिसतच नाहीत. ओठ मिटलेले, एक कोपरा किंचित वर गेलेला, नजर तिरकी. तोंडातून शब्द एकही नाही. समोरच्या बाईला मात्र सगळं कळतं. तिनं विचारलंच, “का हसलात?” तर उत्तर तयार असतं, “मी कुठं काय म्हणालो?”

आज आपण या हसण्याबद्दल बोलू. त्याला आपल्या भाषेत काय काय नावं आहेत, ती कुठून आली, आणि ती माहीत असल्यानं आपला काय फायदा, ते बघू.

आम्ही सात रस्त्याच्या परिसरात बचत गटांचं काम बघतो. आमच्या बैठकीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार बोली एकाच सतरंजीवर बसतात. सोलापुरात हे नवीन नाही. गिरण्या आणि हातमागांनी ही माणसं एकत्र आणली आणि पुढं विड्यांच्या कामानं बायकांना एका ओळीत बसवलं. आम्ही एकदा विचारलं, “असं हसणाऱ्याला तुमच्याकडं काय म्हणतात?” तेलुगू बायका म्हणाल्या, ‘वेकिली नव्वु’. कन्नड बायका म्हणाल्या, ‘कुहक नगे’. मग त्यांनी चांगल्या हसण्याचे शब्दही सांगितले. कन्नडमध्ये मंद हसण्याला ‘मुगुळनगे’ म्हणतात, म्हणजे कळीसारखं हसू. तेलुगूत ‘चिरुनव्वु’, म्हणजे इवलंसं हसू. कोणत्याही भाषेत गेलात तरी बायकांना ही दोन हसणी वेगळी ओळखता येतात.

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘गालातल्या गालात हसला’. हा शब्दप्रयोग मुळात वाईट नाही. लाजलेली मुलगीही गालातल्या गालात हसते. हसण्यात खोट आहे हे सांगायचं असलं की आपण पुढं आणखी एक शब्द जोडतो. छद्मी हसू, कुत्सित हसू, उपहासाचं हसू. हे तिन्ही शब्द संस्कृतातून आले आहेत आणि तिघांचं म्हणणं वेगवेगळं आहे.

‘छद्म’ म्हणजे झाकण, सोंग. ज्या धातूपासून हा शब्द झाला, त्याचा अर्थ झाकणे. आपलं छत्र, छत्री हे त्याच कुळातलं. म्हणजे छद्मी हसू हे पांघरूण घेतलेलं हसू. वरून नम्रता, आत दुसरंच काही.

‘उपहास’ या शब्दात हास म्हणजे हसणं आहेच. पुढं ‘उप’ लागला की ते हसणं दुसऱ्याला लागून येतं. ते स्वतःच्या आनंदाचं राहत नाही, त्याला कुणीतरी लक्ष्य लागतं.

आणि ‘कुत्सित’. या शब्दाचं मूळ वाचलं तेव्हा आम्ही थबकलो. ‘कुत्स्’ म्हणजे निंदा करणे, तुच्छ लेखणे. संस्कृतचे कोशकार मोनियर विल्यम्स यांनी असा तर्क नोंदवला आहे की हा धातू ‘कुतः’ या शब्दावरून आला असावा. कुतः म्हणजे ‘कुठून?’ हा तर्कच आहे, पण आपल्या अनुभवाला किती जुळतो पाहा. काउंटरपलीकडचा माणूस नवख्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि ओठ मुडपतो, तेव्हा त्याच्या मनात दुसरं काय असतं? ‘ही कुठून आली?’ एवढंच ना?

इंग्रजीत या हसण्याला ‘स्मर्क’ म्हणतात. त्या शब्दाची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसतं हसणं एवढाच होता. पुढं ‘स्माइल’ हा शब्द आला. साधं, निर्मळ हसू त्याच्याकडं गेलं आणि जुन्या शब्दाच्या वाट्याला आढ्यता उरली. स्माइल आणि आपलं ‘स्मित’ ही मात्र लांबची भावंडं, दोघांचं मूळ एकच.

हसण्याची अशी वाटणी आपल्याकडंही झाली होती. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांसाठी, मधले दोन मध्यम पात्रांसाठी आणि शेवटचे दोन अधम पात्रांसाठी. स्मितात गाल किंचित फुलतात आणि दात दिसत नाहीत. उपहसितात नाकपुड्या फुगतात आणि नजर वाकडी होते. नटानं काय करायचं हे सांगताना भरतमुनींनी आपल्या ओळखीचा चेहराच काढून ठेवला आहे. त्याच ग्रंथात असंही म्हटलं आहे की हास्यरस जास्त करून स्त्रिया आणि हलक्या प्रतीची पात्रं यांच्यात दिसतो. म्हणजे कुणी किती हसायचं, दात दाखवायचे की नाही, हे माणसाच्या पायरीवर ठरत होतं. ‘बाईनं दात काढू नयेत’ असं बजावत आणि हसताना तोंडाला पदर लावायला शिकवत आपल्या आज्या-पणज्यांना वाढवलं, त्यामागचा विचार याहून फार वेगळा नव्हता.

ज्यांना हसायची बंदी, त्यांच्यावर हसायला मात्र सगळे मोकळे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात बाई शिकू लागली, तेव्हा तिला विरोध दोन प्रकारे झाला. एक उघड होता. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांवर शेण-चिखल टाकल्याचं आपण शाळेत शिकलो. दुसरा विरोध हसण्याचा. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तीच आजची हुजूरपागा. दोनच वर्षांनी, १८८६ साली, नारायण बापूजी कानिटकर यांचं ‘तरुणी शिक्षण नाटिका’ हे नाटक आलं. शिकलेल्या तरुणीची थट्टा हाच त्याचा विषय. शेण धुऊन टाकता येतं, दुसरं लुगडं नेसता येतं. पण नाटक बघून घरी गेलेला माणूस आपल्या सुनेच्या हातात पुस्तक पाहून गालातल्या गालात हसतो, ते कशानं धुवायचं?

हे हसू पुरुषांचंच होतं असंही नाही. रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की त्या शिकू लागल्या तेव्हा घरातल्याच बायकांचे टोमणे त्यांना सोसावे लागले. नवरा न्यायाधीश, स्वतः शिकवायला तयार, तरी हा त्रास चुकला नाही. त्यांनी शिक्षण सोडलं नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी सोसलं नाही, उलट जाब विचारला. १८८२ साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटं पुस्तक छापलं. जे जे दुर्गुण बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पुस्तकावर टीका झाली. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. नंतर ते पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं, तेव्हा त्र्याण्णव वर्षं उलटली होती.

आता आपल्याकडं वळू. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा ठरलं होतं ५०० गटांचं. आज देशात लाखो गट आहेत. तरीही कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या धंद्यासाठी कर्ज मागायला गेलेल्या बाईच्या वाट्याला ते ओठ मुडपलेलं हसू अजून येतं. अर्ज नाकारला तर कारण विचारता येतं, लेखी मागता येतं. हसण्याची पोच मिळत नाही. म्हणून बाई घरी येऊन म्हणते, “जाऊ दे, मलाच तसं वाटलं असेल.” पुढच्या वेळी ती जातच नाही. त्या हसण्यानं होणारं खरं नुकसान हे आहे. आमच्या कामात एखादी बाई अचानक यायची बंद झाली की पैशाची अडचण आम्ही आधी तपासतो, आणि दुसरा प्रश्न विचारतो, “तुला कुणी हसलं का?”

म्हणून हे शब्द हाताशी हवेत. ‘मलाच तसं वाटलं’ आणि ‘तो कुत्सित हसला’ या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. पहिल्यात दोष आपल्याकडं येतो, दुसऱ्यात तो ज्याचा त्याच्याकडं जातो. नाव घेतलं की झाकण निघतं, आणि छद्माला झाकणाशिवाय दुसरा आधारच नसतो. आमच्या गटांत आता एक रीत पडली आहे. कचेरीत एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं. एकीला वाटलं ते दुसरीनंही पाहिलं असेल, तर ते नुसतं वाटणं राहत नाही. आणि शांतपणे विचारायचं, “साहेब, काही चुकलंय का अर्जात? सांगा, दुरुस्त करतो.” बहुतेक वेळा ओठ सरळ होतात आणि कागद पुढं सरकतो.

तेच आपल्या बैठकीतही पाळायचं. सहीच्या ओळीत कुणी अंगठा लावला, कुणाचं मराठी तेलुगूच्या वळणानं आलं, तर गाल फुलायला वेळ लागत नाही. तिथं आधी स्वतःच्या चेहऱ्याकडं लक्ष द्यायचं. बाकी हसायचं असेल तर मोकळं हसा मैत्रिणींनो, पदर बाजूला करून, चांगले दात दिसू देत.