मनाचा पत्ता

पनवेलमध्ये राहून आयुर्वेद टाळता येत नाही. धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथेच सुरू केला. माझी अर्धशिशी उठली की गोळीच्या आधी नाकात तेलाचे थेंब सोडायचा सल्ला मिळतो. नाक हे डोक्याचं दार, ही चरकसंहितेतली समजूत. नस्य तिच्यावरच उभं आहे. पण दारातून आत गेल्यावर नेमकं कोण राहतं? हे शोधायला गेलो आणि थेट तंजावरला पोचलो.

चरक डोक्याला उत्तमांग म्हणतो, कारण प्राण आणि सगळी इंद्रियं तिथे. एवढा मान दिला, तरी मनाची जागा हृदयातच. सुश्रुतही चेतनेचं स्थान हृदय सांगतो. तेही प्रेत सात दिवस पाण्यात ठेवून, कुंचीने थर सोडवत शरीर बघायला शिकवणारा सुश्रुत! यात हसण्यासारखं काही नाही. घाबरलं की धडधडतं छातीत. मेंदू गप्प असतो. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलही हृदयाच्याच बाजूचा होता. त्याच्या आधीच हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथाने मेंदूची बाजू घेतली होती, तरीही.

आपल्याकडे डोक्याची बाजू घेतली भेलाने. ज्याच्या ग्रंथावर चरकाने संस्कार केले तो अग्निवेश आणि हा भेल, परंपरेनुसार दोघंही आत्रेयांचे शिष्य. म्हणजे वर्गमित्रच. भेलसंहितेत मन डोकं आणि टाळू यांच्या मधे आहे, चित्त मात्र हृदयात. दोष वर चढून आधी मन बिघडवतात, मग चित्त, मग बुद्धी, आणि उन्माद होतो. आपणही वेड्याचं ‘डोकं फिरलं’ म्हणतो, छाती फिरली असं कुणी म्हणत नाही.

म्हणून ‘आपल्या ऋषींना मेंदूचं सगळं आधीच ठाऊक होतं’ हे फॉरवर्ड मला खटकतं. मज्जातंतूंचं आजचं ज्ञान भेलाकडे नव्हतं. त्याच्याकडे वेगळं मत होतं आणि ते लिहून ठेवायची मुभा होती. मला हे जास्त मोलाचं वाटतं. एकमुखी ऋषी ही कल्पना आपली, ग्रंथांची नव्हे.

हे वेगळं मत वाचलं ते नशिबाने. चरकाच्या प्रती होत राहिल्या, टीका लिहिल्या गेल्या. भेलाची उरली एकच पोथी, अपुरी, तेलुगू लिपीतली, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. मध्य आशियात तुर्फानला सापडलेलं एक फाटकं पान सोडलं, तर बॅकअप शून्य. १९२१ साली कलकत्ता विद्यापीठाने ती छापली.

या ग्रंथालयाचा पाया नायक राजांचा, पण ते भरभराटीला आणलं मराठ्यांनी, त्यातही सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी वैद्यक आणि युरोपीय वैद्यक एकाच छपराखाली होतं. राजांना स्वतःला डोळ्यांच्या उपचारांत रस. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे केसपेपर आजही आहेत, सोबत डोळ्यांची चित्रं: आधी काय दिसत होतं, काय केलं, नंतर काय झालं. आणि ते आहेत त्याच ग्रंथालयात, जिथे भेलाची पोथी आहे.