संस्था कशी टिकते? नाशिकच्या लेण्यांतला हिशेब

१/ वास्तू उभारायला दाता मिळतो. तिच्या रोजच्या खर्चाला मिळणे कठीण. आजच्या संग्रहालयांची ही अडचण नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती.

२/ क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे क्र. १० कोरवून घेतले आणि ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे.

३/ २००० वर दरमहा शेकडा १, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. उरलेल्या १००० वर दरमहा शेकडा पाऊण. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला गेला.

४/ पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने संघाला शेत दिले. लेणे क्र. ३ मधील त्याचाच लेख सांगतो की ते शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही. म्हणून २४व्या राज्यवर्षी १०० निवर्तने दुसरी जमीन द्यावी लागली.

५/ एका लेखात आगाऊ तरतूद, दुसऱ्यात दान निष्फळ ठरताच दुरुस्ती. सांस्कृतिक संस्थेच्या कारभाराला आजही दोन्ही लागतात.