अनेक राष्ट्रे, एक कारभार : भाषा कोणती?



आपल्या समाजातील बहुतेक घरांत एका भाषेवर दिवस भागत नाही. कोणाच्या घरी उर्दू बोलतात, कोणाच्या घरी दख्खनी, तर कोणाच्या घरी कोकणी. शेजारपाजार आणि बाजार मराठीत चालतो. कुराणशरीफ अरबीत वाचले जाते आणि मोठ्या नोकरीची जाहिरात इंग्रजीत येते. त्यामुळे जून महिना आला की "गुरुजी, मुलाला कोणत्या माध्यमात घालावे?" हा प्रश्न आम्हा शिक्षकांना हमखास विचारला जातो. हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच आहे असे समजू नका. जेव्हा जेव्हा निरनिराळ्या भाषा बोलणारी राष्ट्रे एका कारभाराखाली आली, तेव्हा तेव्हा हाच प्रश्न मोठमोठ्या मुत्सद्द्यांपुढे उभा राहिला. त्यांनी तो कसा हाताळला, याचा थोडासा इतिहास आज आपणांसमोर ठेवावयाचा आहे.

बादशाही हुकूम आणि त्याचे फळ

जुन्या काळी अनेक राष्ट्रे एकत्र येत ती बहुधा एखाद्या बादशहाच्या सत्तेखाली. तेथे भाषेचा निर्णयही बादशहाच करी. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याचे उदाहरण बोधप्रद आहे. हंगेरी त्याच्या राज्यात होता आणि तेथील कारभार शतकानुशतके लॅटिन भाषेत चालत असे. लॅटिन ही तेथे कोणाचीच मातृभाषा नव्हती. जोसेफ सुधारक वृत्तीचा राजा होता. मृत भाषेत राज्य चालविण्यापेक्षा जर्मन ही जिवंत भाषा सर्वत्र लागू करावी, म्हणजे कारभार सुटसुटीत होईल, असे त्याला वाटले. १७८४ साली त्याने तसा हुकूम काढला.

हेतू वाईट नव्हता, परंतु परिणाम उलटा झाला. हंगेरियन सरदारांनी कडाडून विरोध केला. लॅटिन त्यांना चालत होती, कारण ती कोणाचीच नव्हती. जर्मन मात्र राज्यकर्त्यांची होती. ती स्वीकारणे म्हणजे आपण दुय्यम आहोत हे कबूल करणे, असे त्यांना वाटले. शेवटी १७९० साली, मृत्यूच्या काही दिवस आधी, जोसेफला हंगेरीतील आपले बहुतेक हुकूम मागे घ्यावे लागले. भाषा ही केवळ सोयीची वस्तू नाही, तिच्याशी माणसाचा मान जोडलेला असतो, हे ध्यानात न घेतल्याचे हे फळ होते.

सहा देश आणि चार भाषा

आता विसाव्या शतकाकडे वळू. १९३९ ते १९४५ या महायुद्धात युरोप होरपळून निघाला. फ्रान्स आणि जर्मनी पुन्हा एकमेकांच्या जिवावर उठू नयेत म्हणून, युद्धाला लागणारा कोळसा आणि पोलाद हे दोन उद्योगच एका सामाईक मंडळाच्या हाती द्यावेत, असा विचार पुढे आला. १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिस येथे फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलंड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी तसा करार केला. आजच्या युरोपीय संघाचे मूळ या करारात आहे.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या कराराची अस्सल प्रत एकाच भाषेत होती, आणि ती म्हणजे फ्रेंच. युरोपच्या मुत्सद्देगिरीत फ्रेंचला फार दिवसांचा मान होता. पुढील सर्व कामकाजही फ्रेंचमध्येच चालेल असे कोणास वाटले असते तर नवल नव्हते. परंतु तसे झाले नाही. २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे या सहा देशांनी जो मोठा करार केला, तो फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि डच या चारही भाषांत लिहिला गेला आणि चारही प्रती सारख्याच अस्सल मानल्या गेल्या. १९५८ साली या नव्या समुदायाने आपला पहिला नियम केला. त्याचा अनुक्रमांकच एक आहे. तो कोळशाबद्दल नव्हता, शेतमालाबद्दल नव्हता, तर भाषांबद्दल होता. या चार भाषा अधिकृत आहेत आणि त्याच कामकाजाच्याही भाषा आहेत, असे त्यात म्हटले आहे. कोणाही नागरिकाने यांपैकी कोणत्याही भाषेत पत्र लिहावे आणि त्याच भाषेत उत्तर मिळवावे, हेही त्यात नमूद आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. संयुक्त राष्ट्रसंघात पावणेदोनशेहून अधिक देश आहेत, तरी तेथे अधिकृत भाषा सहाच आहेत. (त्यांत अरबीचा समावेश १९७३ साली झाला.) मग युरोपला हे का जमू नये? याचे उत्तर महत्त्वाचे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे ठराव सरकारांना उद्देशून असतात, आणि सरकारांजवळ दुभाषी असतात. युरोपीय समुदायाचे कित्येक कायदे मात्र थेट नागरिकांना लागू होतात. इटलीतील शेतकरी आणि हॉलंडमधील दुकानदार यांना ते पाळावे लागतात. जो कायदा माणसाला वाचता येत नाही, तो मोडला म्हणून त्याला दंड कसा करावयाचा? म्हणून कायदा नागरिकाच्या भाषेत असलाच पाहिजे, हे तत्त्व त्यांनी स्वीकारले.

चाराच्या चोवीस

पुढे देश वाढत गेले आणि भाषाही वाढत गेल्या. १९७३ साली इंग्रजी व डॅनिश आल्या. १९८१ साली ग्रीक, १९८६ साली स्पॅनिश व पोर्तुगीज, १९९५ साली स्वीडिश व फिनिश यांची भर पडली. २००४ साली एकदम नऊ भाषा आल्या. २००७ साली बल्गेरियन, रुमानियन व आयरिश, आणि २०१३ साली क्रोएशियन धरून एकूण संख्या चोवीस झाली.

गणिताच्या विद्यार्थ्यांनी येथे जरा हिशेब करून पाहावा. चार भाषा असताना एकीतून दुसरीत अनुवाद करण्याचे १२ मार्ग होतात. चोवीस भाषा झाल्या की ते ५५२ होतात! फिनिशमधून थेट ग्रीकमध्ये बोलणारा दुभाषी प्रत्येक सभेला कोठून आणावा? म्हणून पुष्कळदा आधी इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मनमध्ये आणि तेथून इतर भाषांत, अशी दोन टप्प्यांची व्यवस्था करावी लागते. खर्चही होतो, परंतु युरोपीय आयोगाच्या हिशेबाप्रमाणे तो संघाच्या अंदाजपत्रकाच्या शेकडा एक टक्क्याहून कमी आहे.

२००४ साली आलेल्या नऊ भाषांपैकी एका भाषेची ओळख आपणांस मुद्दाम करून द्यावीशी वाटते. ती म्हणजे माल्टा या लहानशा बेटाची माल्टीज भाषा. मध्ययुगात तेथे मुसलमानांची सत्ता होती. ती गेली, लोक ख्रिस्ती आहेत, लिपी रोमन आहे. पण भाषा मुळात अरबीतून निघालेली आहे. तेथील ख्रिस्ती लोक आजही देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरपूर्वीच्या आपल्या उपवासाच्या दिवसांना 'रनदान' म्हणतात. हा शब्द 'रमजान'वरूनच आला आहे. भाषा ही धर्माच्या कुंपणात राहत नाही, हे यावरून दिसून येईल. संघात आला तेव्हा माल्टाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती, आणि तरीही त्यांच्या भाषेला जर्मन व फ्रेंचच्या पंक्तीला स्थान मिळाले. मात्र पुरेसे अनुवादक मिळेनात म्हणून तीन वर्षे सवलत घ्यावी लागली. आयरिश भाषेची हीच अडचण २०२१ अखेरपर्यंत टिकली. हक्क कायद्याने मिळतो, पण तो वापरण्यासाठी शिकलेली माणसे लागतात, ही गोष्ट आपणही विसरू नये.

हक्काची भाषा

हा हक्क केवळ कागदावर नव्हता, हे एका खटल्यावरून दिसते. २००४ साली चेक देश संघात आला. त्यानंतर तेथील एका आयात करणाऱ्या कंपनीला जकातीचे नियम मोडल्याबद्दल दंड झाला. कंपनीचे म्हणणे असे की, ज्या युरोपीय नियमाखाली दंड झाला, तो त्या वेळी चेक भाषेत राजपत्रात प्रसिद्धच झाला नव्हता. प्रकरण लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयात गेले. ११ डिसेंबर २००७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, जो नियम नागरिकाच्या देशाच्या अधिकृत भाषेत रीतसर प्रसिद्ध झाला नाही, तो त्याच्यावर लादता येणार नाही.

दुसरा खटला आपल्या विद्यार्थ्यांना अधिक जवळचा वाटेल. युरोपीय संघाच्या नोकऱ्यांसाठी स्पर्धापरीक्षा होतात. त्यांपैकी काहींच्या संपूर्ण जाहिराती केवळ इंग्रजी, फ्रेंच व जर्मनमध्ये निघाल्या आणि परीक्षेची दुसरी भाषाही या तिघींतूनच निवडण्याची अट होती. इटलीने याविरुद्ध दाद मागितली. २०१२ साली न्यायालयाने इटलीच्या बाजूने निकाल दिला. जाहिरात सर्व भाषांत हवी, आणि भाषेची मर्यादा घालावयाची तर त्याला सबळ कारण दाखविले पाहिजे, असे ठरले.

कामाची भाषा

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. कायद्याने चोवीस भाषा समान आहेत. परंतु रोजच्या कचेरीत चोवीस भाषा चालू शकत नाहीत. युरोपीय आयोगाचे अंतर्गत काम इंग्रजी, फ्रेंच व जर्मन या तीन भाषांत चालते, आणि त्यातही आज इंग्रजीचा वरचष्मा आहे. ज्या न्यायालयाचे निकाल आपण आताच पाहिले, तेथे फिर्याद चोवीसपैकी कोणत्याही भाषेत करता येते. परंतु न्यायाधीश आपापसात विचारविनिमय करतात तो फ्रेंचमध्ये, आणि तोही दुभाष्याशिवाय.

याचा अर्थ उघड आहे. हक्क सर्वांना आहे, पण मसुदा जेथे तयार होतो त्या खोलीत बसावयाचे असेल तर खोलीची भाषा यावी लागते. ज्याला ती येत नाही, त्याच्या हाती तयार झालेला कागद भाषांतर होऊन येतो. तोवर निर्णय झालेला असतो.

इंग्रजीची हकीकत तर मोठी गमतीची आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला. पुष्कळांना वाटले, आता इंग्रजीही जाणार. आयर्लंडने संघात आपली भाषा म्हणून आयरिश नोंदविली आहे आणि माल्टाने माल्टीज. पण इंग्रजी गेली नाही. एक तर नियम क्रमांक एक बदलावयाचा तर सर्व देशांची एकमुखी संमती लागते. दुसरे म्हणजे, संघातील फारच थोड्यांची ती मातृभाषा उरल्यामुळे तिची धास्तीही कमी झाली. हंगेरीत लॅटिन टिकली, तिच्याप्रमाणेच इंग्रजीही आज युरोपात जवळजवळ कोणाचीच नाही, म्हणून सर्वांना चालते. एक मात्र खरे की, इंग्रजी शाळेत शिकण्याची सोय ज्याला मिळाली त्यालाच ती चालते. म्हणूनच २००२ साली बार्सिलोना येथील बैठकीत युरोपच्या नेत्यांनी असे ध्येय ठरविले की, प्रत्येक मुलाला मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा लहानपणापासून शिकवाव्यात.

आपण काय घ्यावे?

तीन भाषांचे हे सूत्र ऐकून आपणांस आपल्याकडील १९६८ चे त्रिभाषा सूत्र आठवेल. आपला भारत हे एकच राष्ट्र आहे, तथापि भाषांच्या बाबतीत आपणही याच वाटेने आलो. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमाने देवनागरी लिपीतील हिंदी ही संघाची राजभाषा ठरली आणि इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत मिळाली. मुदत संपण्याच्या सुमारास, १९६५ साली, मद्रास राज्यात मोठे आंदोलन पेटले. १९६३ चा राजभाषा कायदा आणि त्याची १९६७ ची दुरुस्ती यांमुळे इंग्रजी पुढेही चालू राहिली. जोसेफच्या चुकीची पुनरावृत्ती आपल्या नेत्यांनी टाळली, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या घटनेतही नागरिकाच्या भाषेची आठवण ठेवली आहे. कलम ३५० प्रमाणे संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपणांस सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडता येते. १९५६ साली घातलेल्या कलम ३५० क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा राज्यांनी प्रयत्न करावयाचा आहे. किती पालकांना ही कलमे ठाऊक आहेत?

तेव्हा, पालकहो, "उर्दू की मराठी की इंग्रजी?" असा प्रश्न करून दोन भाषांवर फुली मारू नका. मुलाला पहिली समज ज्या भाषेत येते ती भाषा त्याला लिहिता-वाचताही यावी. नुसती बोलता येऊन भागत नाही. मराठी ही आपल्या राज्याची कारभाराची भाषा आहे. सातबाराचा उतारा, पोलीस ठाण्यातील जबाब, ग्रामपंचायतीची नोटीस या भाषेत असते. ज्याला ती वाचता येत नाही तो दुसऱ्याच्या सांगण्यावर अंगठा उठवतो. आणि इंग्रजी ही वरच्या खोलीची किल्ली आहे. ती घरच्या भाषेची लाज वाटावी म्हणून शिकावयाची नाही, तर त्या खोलीत आपलेही माणूस बसावे म्हणून शिकावयाची आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांना आजच तीन-चार भाषा कानांनी समजतात. युरोपच्या नेत्यांनी जे ध्येय म्हणून ठरविले, त्याचा अर्धा भाग तुम्हांला घरीच, विनामूल्य मिळालेला आहे. उरलेला अर्धा म्हणजे त्या भाषा शुद्ध वाचणे आणि लिहिणे. तो मात्र मेहनतीनेच मिळेल. माल्टाला स्थान मिळाले तेव्हा अनुवादक कमी पडले. उद्या आपल्या समाजासाठी एखादी सवलत, एखादी परीक्षा, एखादी जागा खुली होईल, तेव्हा ती घेण्यास लायक मुलगे आणि मुली कमी पडले असे होऊ नये, यासाठी आजपासून तयारीस लागा.